सगळं काढून लॉन टाकायचं म्हणतायत, जुनी बाग वाचेल का?

प्रश्न : नमस्कार. पुण्यात एरंडवण्यात आमचा बंगला आहे, सासऱ्यांनी १९७९ साली बांधलेला. बाग मात्र पूर्णपणे सासूबाईंची. आंबा, चिकू, दोन पेरू, पारिजातक, मोगऱ्याची रांग, गुलाब, मांडवावर जाई. गेली सहा वर्षं आम्ही सगळे बंगळुरूला होतो आणि घर भाड्याने दिलं होतं. भाडेकरूंनी बागेला हात लावला नाही, उलट गाडी लावायला आंब्याच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक टाकले. दिवाळीला परत आलो तर नुसतं रान माजलंय. आंब्याला तीन वर्षं फळ नाही म्हणे, पेरूत अळ्या, मोगऱ्याला फक्त पानं, गुलाबाच्या उंचच उंच काठ्या आणि मधुमालतीने जाईचा मांडव पार झाकून टाकलाय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो जेसीबी लावून आठ दिवसांत साफ करतो, नवी लाल माती, लॉन, कडेने पाम. मिस्टरांना ते पटलंय. सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत, गुडघ्यांमुळे पायऱ्या उतरत नाहीत, खिडकीतून बघत बसतात आणि काही बोलत नाहीत. मला झाडांतलं काही कळत नाही, नोकरी आहे, रविवार तेवढा मोकळा. माळी आठवड्यातून दोनदा येतो. काय करू?

उत्तर :

ताई, वाचेल बाग. तुम्ही जी झाडं सांगितलीत त्यातलं, एक गुलाबाची शंका सोडली तर, एकही मेलेलं नाहीये, सगळी जिवंत आहेत, सहा वर्षं कोणी कात्री लावली नाही, खत घातलं नाही म्हणून वाट्टेल तशी वाढलीयत एवढंच. तेव्हा जेसीबीवाल्याला आधी नाही म्हणून टाका. एवढ्या वयाच्या आंब्याची सावली उद्या कितीही पैसे मोजले तरी परत मिळणार नाही, आणि लॉनचं म्हणाल तर पुण्यात पाऊस चार महिने, उरलेले आठ महिने त्या गवताला पाणी पाजत बसायचं, शिवाय आंब्याखालच्या सावलीत ते धड वाढत पण नाही.

मिस्टरांना कायद्याचंही सांगा. झाड आपल्या कंपाउंडमध्ये असलं म्हणून आपल्या मनाने तोडता येत नाही. शहरात महाराष्ट्राचा १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे, तोडायचं तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड हेरिटेज धरलं जातं. तुमचा आंबा बंगल्याच्या वेळचा असेल तर तो पन्नाशीच्या जवळ आलाच की. मोठ्या फांद्या उतरवायच्या असतील तरी आधी उद्यान विभागाकडे अर्ज करा, कॉन्ट्रॅक्टर "काही होत नाही हो" म्हणाला तरी.

आता मुख्य सांगते. मला तुमच्याकडून एक वर्ष हवंय, ही दिवाळी ते पुढची दिवाळी. रोज राबायचं नाहीये, रविवारचे दोन-तीन तास पुरतात, फक्त ज्या ऋतूत जे काम तेच करायचं, दुसऱ्या ऋतूचं काम उत्साहात आधी उरकायचं नाही. जुन्या बागा बिघडतात त्या बहुतेक वेळा याच्यामुळेच, लोक एका सुट्टीत सगळंच छाटतात, सगळ्याला सारखंच पाणी देतात, सगळीकडे एकदमच खत टाकतात, आणि मग वर्षभर झाड का फुलत नाही म्हणून विचारत बसतात.

कात्री घ्यायच्या आधी एक काम आहे आणि ते फक्त सासूबाईच करू शकतात. एका रविवारी खिडकीशी त्यांच्याजवळ बसा, मिस्टरांना खाली बागेत उभं करा, आणि सासूबाईंना विचारत जा की इथे काय होतं, तिथे काय होतं. हे मी मन राखायला म्हणून सांगत नाहीये. जुन्या मराठी घरांच्या बागेत निम्मा माल जमिनीखाली असतो. मे फ्लॉवरचे कांदे, भुईचाफा, सोनटक्का, पहिल्या पावसाला फुलणारी ती गुलाबी-पांढरी लिली. आत्ता नोव्हेंबरात यातलं बरंचसं एक तर सुकायला लागलेलं असतं नाहीतर मातीत गडप झालेलं असतं, वरून बघणाऱ्याला वाटतं रिकामी जागा आहे, आणि जेसीबीने वरची फूटभर माती उचलली की ते सगळं ट्रॉलीत बसून जातं. सासूबाई सांगतील तिथे तिथे काठ्या रोवा, वर चिंध्या बांधा, आणि माळ्याला बजावून ठेवा की काठीजवळ कुदळ मारायची नाही. भुईचाफा तर पान नसतानाच उन्हाळ्यात थेट मातीतून फूल काढतो, त्यामुळे निदान मे-जूनपर्यंत तिथली जमीन उकरूच नका.

मग पहिला मान आंब्याचा. बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक लगेच काढायला लावा, निदान तीन-चार फुटांचा घेर मोकळा हवा, आणि जमलं तर गाडीची जागाच बदला, कारण झाडाची अन्न घेणारी बारीक मुळं बुंध्याजवळ नसतात, ती लांब असतात, फांद्यांचा घेर जिथे संपतो त्याच्या आसपास, आणि तिथली जमीन रोज गाडीखाली दाबली गेली तर मुळांना ना हवा मिळते ना पाणी. बुंध्याला टेकून माती किंवा डेब्रिज टाकलेलं असेल तर तेही काढा, खोड जमिनीतून बाहेर येतं तो भाग उघडा दिसला पाहिजे.

आता खाली उभं राहून वर बघा. सकाळच्या उन्हात बघा, म्हणजे पानांतला फरक कळतो. आंब्याच्या पानांत मध्येच एखादा वेगळ्याच पानांचा दाट झुपका दिसेल, पानं जरा जाड, फिकट हिरवी, त्याला नळीसारखी फुलं. ते बांडगूळ. सहा वर्षं कोणी पाहिलं नाही म्हणजे ते असणारच, मला जवळपास खात्री आहे. फुलटोच्या नावाचा चिमणीपेक्षाही लहान पक्षी त्याची फळं खातो, बी चिकट असते, ती फांदीला पुसली जाते आणि तिथेच रुजते, मग त्याची मुळं फांदीच्या आत शिरतात आणि आंब्याचं अन्नपाणी ओढून घेतात. नुसतं वरून ओढून काढलं तर पुन्हा फुटतं. ज्या फांदीवर आहे ती फांदीच बांडगुळाच्या वीतभर खालून, म्हणजे बुंध्याच्या बाजूने, कापायची. अगदी जाड फांदीवर असेल तर तासून काढा आणि दर दोन-तीन महिन्यांनी बघत राहा. हे काम आत्ताच करायचं, फळं पिकून बिया पसरायच्या आधी. सोबत वाळलेल्या फांद्याही उतरवा. हिरव्या जिवंत फांद्यांना मात्र आत्ता हात नाही, त्यांच्यावरच मोहोर यायचाय.

खोडावर एखादं भोक दिसतंय का आणि त्याखाली लाकडाचा भुसा पडलाय का तेही बघा. असेल तर भिरूड आहे, म्हणजे खोड पोखरणारी अळी. सायकलच्या तारेचा आकडा करून आत घालायचा, अळी ओढून काढायची, मग रॉकेलचा किंवा पेट्रोलचा बोळा आत सारून वरून चिखलाने भोक लिंपायचं. माळी जुना असेल तर त्याला हे सांगावं लागणार नाही.

फांदी कापायची रीत मात्र समोर उभं राहून करून घ्या. मनगटाएवढी जाड फांदी वरून एकदम कापली की ती अर्धवट तुटून खाली लोंबते आणि खोडाची साल सोलून नेते, ती जखम पुढे कित्येक वर्षं भरत नाही. म्हणून आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालच्या बाजूने करवतीने खाच घ्यायची, मग तिच्या जरा पुढे वरून कापायचं, फांदी पडली की उरलेला खुंट खोडाजवळून काढायचा, तोही खोडाला अगदी चिकटून नाही, फांदीच्या बुडाशी जी फुगीर कड असते ती ठेवून. त्यावर बोर्डो पेस्ट, म्हणजे कापलेली जागा कुजू नये म्हणून लावायचा लेप. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी हे त्याचं प्रमाण, तुम्हाला एवढी लागणार नाही, १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि एक लिटर केली तरी भरपूर होते. प्लॅस्टिकच्या बादलीत करा, लोखंडाच्या नको, मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा, आणि त्याच दिवशी वापरून संपवा.

आणि आंब्याला आत्ता पाणी बंद. हे माळ्याला दोनदा सांगा, कारण पाईप हातात असला की माळी सगळ्यांनाच पाणी घालत जातो. मोहोराच्या आधी आंब्याला ताण लागतो, पाणी दिलं तर तो पालवी काढत बसतो. पुढे फळ वाटाण्या-गोटीएवढं झालं की मग पाणी सुरू करा. यंदा मोहोर आला नाही तरी नाराज होऊ नका, हापूस असेल तर तो तसाही वर्षाआड धरतो, आणि खरी दुरुस्ती जूनमध्ये आहे. आंबे उतरवून झाले की (किंवा आंबे नसतील तर मृगाच्या सुमाराला) झाडाच्या मधोमध सरळ वर गेलेल्या एक-दोन फांद्या काढायच्या म्हणजे आत ऊन पोचतं, एकमेकीत घुसलेल्या फांद्या काढायच्या, पण एका वर्षात झाडाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही, राहिलेलं पुढच्या जूनला. त्याच वेळी, दुपारी बाराला सावली जिथवर पडते त्या कडेने गोल चर मारा, वीतभर खोल, फूटभर रुंद, त्यात चार-पाच पाट्या कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड घालून माती ओढून घ्या, पुढचं पाऊस बघेल.

मोगऱ्याचं मात्र आत्ताच मनावर घ्या, तुम्हाला पहिलं फळ, म्हणजे फूल, तोच देणार आहे. मोगरा नव्या फुटीवर फुलतो. जुन्या लाकडावर पानंच येतात, आणि सहा वर्षं छाटणी नाही म्हटल्यावर तुमच्याकडे सगळं जुनं लाकूडच आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून त्याचं पाणी तोडा, महिनाभर तहानलेला राहू दे, पानं पिवळी पडली, गळली तरी घाबरून पाणी घालू नका. डिसेंबर अखेर किंवा जानेवारीच्या सुरुवातीला सगळी झुडपं गुडघ्याएवढी कापा, अगदी जाड, करड्या, सालपटं निघालेल्या काठ्या तर थेट जमिनीलगत. कापल्यावर ती रांग इतकी भकास दिसते की घरातले ओरडतात, तेव्हा सासूबाईंकडे बघा, त्या हसत असतील. मग बुडाची माती हलक्या हाताने हलवा, चार दिवस ऊन खाऊ दे, प्रत्येकी पाटी-अर्धी पाटी शेणखत घाला आणि पाणी सुरू करा. मार्च उजाडता उजाडता कळ्या दिसायला लागतील. जाईलाही जानेवारीतच छाटायचं, पण आधी तिच्यावरची मधुमालती हटवा. मधुमालतीला दयामाया नको, ती जमिनीपासून दोन फुटांवर कापली तरी पावसाळ्यात पुन्हा मांडवावर येईल, तेव्हा तिला फाटकावर वेगळी चढवा, जाईच्या मांडवावर परत येऊ देऊ नका.

गुलाबाबद्दल मला जरा शंका आहे. तुम्ही "उंच काठ्या" म्हणताय, फुलांचं काहीच लिहीत नाही. गुलाबाचं कलम हे रानटी गुलाबाच्या खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फुटव्याचा कोंब, भरून केलेलं असतं. बुडाशी बसा, माती बाजूला करा, तिथे एक गाठ दिसेल. गाठीच्या वरून निघालेली काठी ती तुमच्या गुलाबाची, गाठीच्या खालून निघालेली ती खुंटाची. बरेचदा काय होतं, दुर्लक्ष झालं की खालचा खुंट जोर धरतो आणि वरचा गुलाब उपाशी राहून मरतो. गाठीवरची एखादी जरी काठी हिरवी असेल तरी झाड वाचतं, खालच्या सगळ्या मुळापासून ओढून काढा, नुसत्या कापल्या तर परत येतात. गुलाबाची छाटणी आपल्याकडे ऑक्टोबरची, पण दिवाळीनंतर लगेच केली तरी चालतं, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर तिरका काप घ्यायचा. साधारण दीड ते दोन महिन्यांत फूल येतं. गाठीवर काहीच जिवंत नसेल तर मात्र तो गुलाब गेला म्हणायचा, त्याची जागा पुढच्या पावसापर्यंत मोकळी राहू दे.

पेरूतल्या अळ्या म्हणजे फळमाशी. ती पावसाळ्यात पिकणाऱ्या फळांना जास्त लागते. म्हणून फेब्रुवारी-मार्चपासून पेरूचं पाणी कमी करत न्या, उन्हाळ्यात पूर्ण तोडा, मे महिन्यात शेंडे छाटा, आणि जूनमध्ये खत-पाणी द्या, म्हणजे झाड मृग बहार धरतं आणि पेरू थंडीत येतात, गोडही असतात. खाली पडलेली फळं रोज उचलायची आणि खोल पुरायची, कंपोस्टमध्ये नाही टाकायची, कारण अळी तिथेच मातीत कोष करते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला, फळमाश्या पकडणारा रक्षक सापळा मिळतो, तो झाडावर टांगा. चिकूला काही करावं लागत नाही, मेलेलं लाकूड काढा आणि बुडातून खिरणीचे फुटवे आले असतील तर तेवढे काढा, चिकूचं कलम खिरणीवर असतं. पारिजातक अजून फुलत असेल तर फुलू दे, फुलं संपली की जानेवारी-फेब्रुवारीत हलकी छाटणी.

फेब्रुवारी-मार्चला पानगळ. शेजारीपाजारी पाला जाळायला लागतील, तुम्ही जाळू नका, शहरात त्याला बंदीही आहे, आणि तुम्हाला तर तो सोन्यासारखा आहे कारण सहा वर्षांत तुमच्या मातीत काही परत गेलेलं नाही. कोपऱ्यात जाळीचा गोल कठडा करा, पाला भरा, मध्ये मध्ये शेणकाला शिंपडा, ओल ठेवा, पावसाळ्यानंतर काळं भुसभुशीत खत तयार. उरलेला पाला झाडांच्या आळ्यात चार बोटं जाड पसरा, फक्त बुंध्याला टेकू देऊ नका. एप्रिल-मेमध्ये पाणी अर्ध्यावर येतं त्याने. लाल मातीच्या ट्रॉलीचे पैसे वाचले ते शेणखतात घाला.

पावसाळ्यात काम नाही असं लोकांना वाटतं पण तण काढायचे दिवस तेच, माती ओली असते, मुळासकट येतं. गाजरगवत फुलायच्या आत उपटा, हातमोजे घालून, काहींना त्याने अंगावर पुरळ उठतं. कंपाउंडच्या भिंतीत पिंपळाची, उंबराची रोपं आली असतील ती लहान आहेत तोवर पावसातच निघतात, नंतर भिंत फोडतात. आणि त्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायी, संध्याकाळी ओलं गोणपाट टाकून ठेवा, सकाळी खाली गोळा झालेल्या असतात, हातमोजे घालून मिठाच्या पाण्यात टाका. नवीन झाड लावायचं असेल तर तेव्हाच, जूनच्या शेवटी. जानेवारीत २६ तारखेच्या सुमाराला एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन असतं, तिथे नक्की जा, सासूबाईंना व्हीलचेअरवर न्या, पण यंदा रोपं विकत घेऊ नका. काय मेलंय, कुठे खरंच रिकामं आहे हे एक पावसाळा गेल्याशिवाय कळत नाही.

माळ्याबद्दल. आठवड्यातून दोनदा येतो ते पुरे आहे, पण त्याला "बाग बघ" असं मोघम सांगू नका. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच्यासोबत फेरी मारा आणि या महिन्याचं काम ठरवा, पाणी कोणाला नाही हे आधी सांगा आणि कोणाला द्यायचं ते नंतर. आंब्यावर चढायला त्याला एकट्याला सांगू नका, त्यासाठी दोर बांधून काम करणारी माणसं वेगळी मिळतात, पैसे जास्त घेतात पण ते द्या.

या रविवारी ब्लॉक काढायची तारीख ठरवा आणि गुलाबाच्या बुडाचा, ती गाठ दिसेल असा, जवळून फोटो काढून मला पाठवा. गाठीवर हिरवं आहे की नाही ते बघून सांगते, मग छाटणी करू.